धरणाच्या पोटातला रस्ता

बेटावर नोकरी केली म्हटलं की लोकांचे डोळे मिटतात. "वा गुरुजी, चारी बाजूंनी पाणी, शांतता, पाखरं! नशीबवान तुम्ही." असं म्हणणाऱ्या एकाला तरी मी तिथं नेणार होतो, वारा सुटलेला असताना, पोटात दुखणारं पोरगं त्याच्या मांडीवर देऊन, आणि म्हणणार होतो, आता ऐका पाखरं. ते राहून गेलं. म्हणून हे लिहितो. गोड लिहायला सांगितलं होतं, गोड येणार नाही.

मी फार शिकलेला नाही हे आधीच सांगतो, म्हणजे चुका काढणाऱ्यांचा वेळ वाचेल. निजामाच्या राज्यात मदरशात उर्दूची चार बुकं झाली. राज्य गेलं तेव्हा अलिफ-बे सोडून अ-आ वर आलो आणि सातवी दुसऱ्या खेपेला पास झालो. त्या काळात सातवी पास माणूस दिसला की धरून मास्तर करत. मलाही अर्धापूरच्या शिवारात केळीला पाणी देताना धरलं. पुढं माझ्या हाताखालून गेलेले काहीजण माझ्यापेक्षा जास्त शिकले. ते भेटले की माझं शुद्धलेखन सुधारतात. सुधारू द्या. अक्षर मीच दिलंय.

बेट म्हणजे समुद्रातलं नव्हे. आमच्याकडं समुद्र पोथीतच. धरण झालं, गाव बुडालं आणि बुडालेल्यांना सरकारनं दुसरीकडं जागा दिली. पण गावाचा माळ उंचावर होता. माळावर ज्यांची घरं-शेतं होती ती बुडत नव्हती, म्हणून त्यांना उठवायचं कारण नव्हतं. पाणी चारी बाजूंनी आलं आणि मधे ही घरं राहिली. बुडालेल्याला भरपाई मिळाली. कोरड्याला काय? कोरड्याला पाणी मिळालं. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरचं ते पाणी. कंधारच्या बाजूचा काठ लांब, अहमदपूरच्या बाजूचा जवळ. गावाचं नाव लिहीत नाही. सगळे त्याला बेटच म्हणत, आणि अहमदपूरच्या बाजूला पाण्याकडेला जे गाव होतं त्याला आम्ही नुसतं काठ म्हणायचो. तेवढं पुरे.

बेटावरची शाळा एकशिक्षकी. म्हणजे खोली एक, मास्तर एक, वर्ग चार. चार भिंतींकडं तोंड करून चार वर्ग बसायचे आणि मी मधे मोटेच्या बैलासारखा फिरायचो. पहिलीला गिरवायला देऊन वळलो की चौथी भांडायची, चौथीला दटावलं की दुसरी लघवीला जायची. घंटा म्हणजे रुळाचा तुकडा. माझा मेहुणा किनवटला रेल्वेत गँगमन होता, त्यानं टाकाऊ ढिगातला दिलेला. तो तुकडा सरकारचा नव्हता, माझा होता. हे ध्यानात ठेवा, पुढं लागतं.

जाणं-येणं भुजंगाच्या नावेतून. भुजंगा नावाडी. सुगीला गावानं त्याला धान्य घालायचं आणि त्यानं वर्षभर माणसं, शेरडं, बाळंतिणी, सगळं इकडचं तिकडं करायचं. मी पहिल्यांदा बेटावर गेलो तेव्हा त्यानं वल्हं मारता मारता विचारलं,

"गुर्जी, पवता येतं का?"

"न्हाई."

"मग तुमी ऱ्हानार," तो म्हणाला. "तुमच्या आदीच्या दोघायला येत व्हतं."

राहिलो. बायको-लेकरं आणून तिथंच राहिलो. भुजंगाची थोरली पोरगी मंगल माझ्याच हाताखाली पहिलीत आली. काळीसावळी, उंच, आणि तोंडाची अशी फटकळ की बापानं वल्हं टेकावं. बेट म्हणजे काय, या प्रश्नाला तिनं परीक्षेत एका शब्दात उत्तर लिहिलं: "आमी." मी पूर्ण मार्क दिले. देणार नाही तर काय?

मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, साहेब लोक वर्षा-दोन वर्षांनी येत. नावेत पाय टाकायच्या आधी पाण्याला नारळ द्यायचे, उतरेपर्यंत डोळे मिटून बसायचे आणि तोंडाचा रंग परत आला की शाळेला शेरा द्यायचे. पाण्याला नारळ, शाळेला शेरा. त्याच्यापलीकडं आमचा आणि सरकारचा संबंध नव्हता, आणि खरं सांगतो, ते बरं होतं.

मग नवा जिल्हा झाला. आधी आमचा जिल्हा उस्मानाबाद. तिकडं एक दरखास्त पाठवली तर उत्तर येईपर्यंत पोरगं चौथी पास होऊन जायचं. लातूर जिल्हा झाला म्हणून आम्हीही गुलाल उधळला. सरपंच शिवलिंगअप्पानं पेढे वाटले. अप्पा लिंगायत, कपाळाला भस्माचे पट्टे, माळावर थोडा ऊस आणि एक गुऱ्हाळ. आवाज मोठा आणि भोळेपणा त्याहून मोठा. "गुर्जी, आता जिल्हा आपल्या उंबऱ्यात आला," तो म्हणाला. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. उंबऱ्यात आलेली वस्तू घरात शिरते.

नव्या जिल्ह्यापाठोपाठ दुष्काळ आला. पावसानं लागोपाठ तोंड फिरवलं. पाणी आटत आटत धरणाच्या भिंतीखालच्या डोहात गेलं आणि बेट बेट राहिलं नाही. चौफेर भेगा पडलेला गाळ, त्यात शिंपल्या. एक दिवस जुनं गाव वर आलं. जोती, आड, मारुतीचा पार, आणि जुना रस्ता, त्याच्या दोन्ही कडांना बाभळीची काळी खोडं. म्हाताऱ्या बाया जाऊन आपापल्या चुलीची जागा शोधून आल्या. भुजंगाची नाव मात्र उन्हात कुशीवर पडली. फळ्या अशा वाळल्या की त्यांच्या फटीतून पलीकडचं शेरडू दिसायचं.

आणि आता मूर्खपणा ऐका. गावाला रोजगार हमीचं काम पाहिजे होतं, जवळ पाहिजे होतं. नव्या ऑफिसात नकाशा होता, पण तो धरणाच्या आधीचा. त्या नकाशात बेटावरून काठावर जाणारा तो जुना रस्ता ठळक होता, आणि पाण्याचा थेंब नव्हता. अप्पानं अर्ज केला, मंजुरी आली. रस्ता दुरुस्ती! धरणाच्या पोटात! जो रस्ता एका बऱ्या पावसात पुन्हा दोन पुरुष पाण्याखाली जाणार, त्याच्यावर सगळं बेट खडी फोडायला बसलं. भुजंगासुद्धा.

मी त्याला म्हटलं, "भुजंगा, तुला तर म्हाईत हाय ना हे बुडनार?"

"मला न्हाई तर कोनाला?" त्यानं हातोडा थांबवला नाही. "याच बाबळीच्या शेंड्यावरून म्या नाव घालतो. पन काम हाय. कामाला न्हाई म्हनायला मी काय सायब हाव?"

हसू नका. तहानलेल्याला खड्डा खणायला सांगितला तर तो खणतो, कुठं खणतोय ते विचारत नाही. मी गावाला दोष देत नाही. दोष कुणाचा ते पुढं येतं.

मोठी माणसं रस्त्यावर गेली की तान्ही लेकरं रस्त्यावर, आणि तान्ह्यांना सांभाळणाऱ्या पोरी रस्त्यावर. खोलीत राहिले मी आणि चार भिंती. म्हणून मी फळा डोक्यावर घेतला आणि शाळाच रस्त्यावर नेली. एका बाभळीच्या खोडाला फळा टेकवला, वरून चादर बांधली. पोरी मांडीवर भाऊ घेऊन पाढे म्हणायच्या, खडी फोडणाऱ्या आया तिकडून ठोक्याला ठोका द्यायच्या. इतकी हजेरी मला खोलीत कधी मिळाली नव्हती. मी चुकलो नाही. आजही तसाच दुष्काळ पडला तर मी फळा तसाच नेईन.

तिथं एक दिवस जीप आली. नवी कोरी, धूळ सोडत, रस्त्याच्या तयार टोकापर्यंत. त्यातून जे साहेब उतरले ते कुठल्या ऑफिसचे ते लिहीत नाही. माणूस आता नाही. शिकलेला होता, तरुण होता, नव्या जिल्ह्यात काहीतरी करून दाखवायची घाई होती.

"हे काय आहे?"

"शाळा."

"शाळा रस्त्यावर?"

"सायब, आई-बाप हितं, लेकरं हितं. खोलीत बसून भिंतीला शिकवू काय?"

साहेबांनी बेटाकडं बघितलं, मग काठाकडं बघितलं. काठाची शाळा मोठी, पक्क्या इमारतीची, तिथून तिची कौलं दिसत होती. ड्रायव्हरला विचारलं, बेटापासून काठापर्यंत किती? ड्रायव्हर म्हणाला, "किलोमीटरला जरा कमीच, साहेब."

"मग झालं तर. ही मुलं अर्ध्या वाटेवर येतातच. अजून अर्धी चालली की पक्की इमारत, वर्गाला एक शिक्षक. इतक्या जवळ दोन शाळा कशाला? तुमची शाळा काठाच्या शाळेत मिळवून टाकू."

"सायब, तुमी हुबे हाव ती जागा पान्यातली हाय."

"पाणी कुठंय? दाखवा."

दाखवा म्हणे! मी त्यांना बाभळीजवळ नेलं. खोडावर पाण्याची पांढरी रेघ होती, साहेबांच्या टोपीच्या कितीतरी वर. म्हटलं, ही बघा. भुजंगा बाजूलाच खडीवर बसला होता. तो हातोडा खाली न ठेवता म्हणाला, "सायब, आत्ता तुमी माझ्या नावंच्या खाली हुबे हाव."

सगळा रस्ता हसला. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "गुरुजी, मी आजची परिस्थिती लिहितो."

"आजची लिवा. पोरं उद्याची हायेत."

तेवढ्यात अप्पा धावत आला. "शरणु शरणार्थ सायब!" करून त्यानं जीपला हार घातला, रस्त्यावर नारळ फोडला आणि साहेबांच्या हातून फीत कापून घेतली. फीत म्हणजे माझ्या चादरीची बांधलेली नाडी. ती कापल्यावर चादर पोरांच्या डोक्यावर पडली.

आदेश आला. नव्या वर्षापासून बेटाची शाळा काठाच्या शाळेत. मी गुऱ्हाळावर गेलो. चरक बंद होता, अप्पा रिकाम्या काहिलीच्या काठावर बसला होता.

"अप्पा, तुमी सरपंच हाव. शाळा जाऊन राहिली."

"जात कुठं न्हाई, चालत जाऊन राहिली," अप्पा म्हणाला. "रस्ता झालाय गुर्जी. आज जीप आली, उद्या यष्टी यील. तुमचं एकच, पानी, पानी. तुमी पान्याची वाट बघून राहिले, आमी पावसाची."

"अप्पा, दोन्ही एकच हाय."

अप्पानं काहिलीवर थाप मारली. मग म्हणाला, "आलंच पानी तर ही काहील हाय ना."

काहील म्हणजे गूळ आटवायची मोठी लोखंडी कढई. नाव नसली की लोक ती पाण्यात सोडतात. दोन माणसं उकिडवी बसतात आणि ती गिरक्या घेत जाते. माणूस कुठं लागेल ते वारा ठरवतो.

मी भुजंगाकडं गेलो. तो सांगेल म्हणून गेलो की पोरगी धाडतो, काही होवो. तो म्हणाला, "गुर्जी, रस्ता कोरडा हाय तवर मंगल यील. पानी लागलं की घरी. पोराला एखांदा बाप काहिलीत बसवील. पोरीला कोन बसवतो? आन् म्या तर नावाडी हाव. पानी काय करतं ते म्या बघितलंय."

बेटावरच्या प्रत्येक घरात हेच उत्तर होतं. पोरं कशीही गेली असती, गटांगळ्या खात गेली असती. पोरींची शाळा त्या रस्त्याबरोबर पाण्याखाली जाणार होती, आणि एकदा चूल आणि शेरडं हातात दिली की मंगलसारखी पोरगी परत फळ्यापुढं येत नाही. हे त्या साहेबाला कळत नव्हतं असं समजू नका. त्याला विचारायचं नव्हतं.

मी सामान द्यायला नकार दिला. मग काठाचे हेडमास्तर बैलगाडी घेऊन आले. उदगीरचे, ट्रेनिंग झालेले, सज्जन माणूस. म्हणाले, "गुरुजी, मला नका लाजवू, मला वरून आलंय." फळा, टेबल, खुर्ची, नकाशे, सगळं गाडीत चढलं. घंटेला हात लावला तेव्हा मी म्हटलं, ती माझी. ती तिथंच लटकत राहिली. माझी नेमणूक काठावर झाली. रोज सकाळी मी बेटाची पोरं घेऊन त्या रस्त्यानं जायचो आणि संध्याकाळी घेऊन यायचो. मेंढरं नेल्यासारखा. काठाच्या शाळेत आमच्या पोरांना मागं बसवत. "बेडकं आली," म्हणत. मंगलनं एकाला पाटीनं हाणलं. मी तिला रागावलो नाही.

पाऊस लांबला. मृग गेला, आर्द्रा गेल्या. अप्पा मला रस्त्यात गाठून म्हणायचा, "काय गुर्जी, आलं का तुमचं पानी?"

आलं. भादव्यात आलं, आणि आलं ते पाऊस न पडता. आमच्या डोक्यावर ऊन होतं. वर बालाघाटाच्या डोंगरात रात्रभर ओतलं होतं आणि नदी ते सगळं आमच्या पोटात घेऊन आली. सकाळी पोरं कोरड्या पायांनी काठावर गेली. संध्याकाळी शाळा सुटून आम्ही रस्त्याला लागलो तर मधे, जुन्या ओढ्याच्या खोलगटात, रस्ता दिसेना. तिथं गढूळ पाणी आडवं चाललं होतं. त्याच्यापुढं रस्ता पुन्हा वर, कोरडा, पांढरा, आणि त्याच्या टोकाला बेटावरच्या आया उभ्या, पदर हलवून बोलावत होत्या.

काठाची माणसं जमली. "गुडघ्याइतकंच हाय, पळवा लेकरं, आत्ता जातील." दुसरा म्हणाला, "मास्तर, उशीर केला तर न्हाई जमायचं." पोरं आयांना बघून रडायला लागली. मी रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिलो. एकालाही जाऊ दिलं नाही.

हेडमास्तर धावत आले. "गुरुजी, शाळा सुटली. आता मुलं पालकांची. आपली जबाबदारी संपली."

"तुमची संपली असंल. माझी बेटाच्या कडेला संपते."

बघता बघता पाणी खोलगट भरून वर चढलं, आणि दिवे लागायच्या आत पलीकडचा पांढरा रस्ताही गेला. पळवा म्हणणारे एकेक करून घरी गेले. त्यांच्यातल्या एकानंही नंतर माझ्याकडं बघितलं नाही. मला कुणाच्या शाबासकीची गरज नव्हती. मी सगळी पोरं उलटी फिरवली आणि काठाच्या शाळेत आणून बसवली.

अंधार पडायच्या सुमाराला काहील आली, गिरक्या घेत. आत भुजंगा आणि अप्पा. अप्पा उतरला तो ओरडतच. "द्या लेकरं! दोन-दोन करून नेतो काहिलीतून!"

"एक न्हाई देनार," मी म्हटलं.

"तुमच्या बापाची हायेत का?"

"तुमच्या बापाचा रस्ता व्हता का?"

अप्पानं माझी कॉलर धरली, मी त्याच्या उपरण्याला हात घातला. दोन म्हातारे व्हरांड्यात एकमेकांना गदागदा हलवत होते आणि पोरं रडायची थांबून बघत होती. भुजंगा मधे पडला. "अप्पा, सोडा. तुमची काहील गुळासाठी हाय. आत्ता येताना तुमी किती बार देवाचं नाव घेतलं? म्या मोजत व्हतो." अप्पाचा हात सुटला. भुजंगा मला म्हणाला, "गुर्जी, ठिवा लेकरं हितंच. म्या नाव बुडवून आलोय."

काठाच्या माणसांना वाटलं, याचं डोकं फिरलं. पण नावेचं असंच असतं. लाकूड वाळलं की फळ्या आकसतात, फटी पडतात. तशी नाव पाण्यात ढकलली तर गळून तळाला जाते. म्हणून नावाडी ती आपल्या हातानं बुडवतो. पाण्याच्या कडेला दगड भरून पाण्याखाली दाबून ठेवायची. लाकूड पाणी पितं, फुगतं, फटी आपोआप मिटतात. मग पाणी उपसून ती वर काढायची. घाई केली की माणसं मरतात. भुजंगाला हे ठाऊक होतं. ज्यांनी रस्ता मंजूर केला त्यांना घाईशिवाय दुसरं काही ठाऊक नव्हतं.

भुजंगा काहिलीतून परत नावेकडं गेला, अप्पा काठावरच राहिला. ते दिवस आम्ही काठाच्या शाळेत काढले. काठाच्या बायांनी धपाटे आणले, भाकरी आणल्या. "बेडकं" म्हणणाऱ्या पोरांच्याच आया त्या. धाकटी लेकरं पाण्याकडं बघून मुसमुसायची. तेव्हा पाण्यावरून ठण्णदिशी आवाज आला. माझ्या घरची रुळाच्या तुकड्यावर घण मारत होती, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, सगळं बरं हाय म्हणून. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आवाज आला की मंगल बारक्यांना म्हणायची, "ऐकलं? तुझी माय जेवली. आता तू जेव." ती त्या दिवसांत माझ्यापेक्षा चांगली मास्तरीण होती.

मी ठरवलं होतं, पोरं इथून हलतील ती साहेबाच्या डोळ्यांदेखत. ज्यानं रस्त्यानं आणली त्यानं बघावं. निरोप धाडला, कुणी आलं नाही. मग अप्पा उठला. एसटीनं अहमदपूरला गेला आणि तिसऱ्या दिवशी जीपमध्ये साहेबाला घालून घेऊन आला. कसा आणला ते त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही. त्याचा आवाज मात्र बसलेला होता.

जीप त्याच रस्त्यावरून आली आणि पाण्याशी थांबली. पुढचा रस्ता सरळ आत उतरत गेला होता. फक्त बाभळीचे शेंडे वर.

मी जीपचं मागचं दार उघडलं. "चला सायब. पोरं बसवतो. किलोमीटरला जरा कमीच हाय."

साहेब पाण्याकडं बघत राहिले. "इतकं पाणी..."

"आजची परिस्थिती हाय. लिवा."

"उपहास नको, गुरुजी. नाव कुठं आहे इथली?"

"बुडवली."

"कुणी?"

"मालकानंच."

"तुम्ही लोक वेडे आहात," साहेब म्हणाले. आणि ते म्हणत असतानाच बेटाच्या बाजूनं नाव सुटली. काळी, फुगलेली, ओल्या म्हशीसारखी जड. भुजंगा उभ्यानं वल्हवत होता. काठाला लावल्यावर तिच्या तळाला हात फिरवून त्यानं आम्हाला दाखवला. हात ओला होता, पण तळात पाणी नव्हतं. "तीन दिस पाजलं तवा भवानी ताळ्यावर आली," तो म्हणाला.

मी शाळेत गेलो आणि फळा उचलला. साहेब मागून आले. "हे सामान काठाच्या शाळेचं आहे. लेखी आदेशाशिवाय हलवता येणार नाही."

"आनताना बैलांनी कुठं आदेश वाचला व्हता?"

"मला तुमच्याविरुद्ध लिहावं लागेल."

"लिवा. मास्तर उद्धट हाय, फळा पळवला, आसं लिवा. माझं नाव नीट लिवा."

फळा मोठा होता, एकट्याला पेलत नव्हता. हेडमास्तर साहेबांसमोरून चालत आले आणि त्यांनी दुसरं टोक धरलं. आम्ही दोघांनी तो नावेत ठेवला.

साहेबांनी लिहिलं. खरंच लिहिलं. उद्धट वर्तन हा शेरा माझ्या नोकरीच्या पुस्तकात शेवटपर्यंत राहिला, आणि माझ्या सगळ्या शेऱ्यांत तेवढाच खरा आहे. आदेश मात्र रद्द झाला नाही. कधीच नाही. कागदावर बेटाची शाळा तेव्हापासून काठावर आहे. मी पुढची सगळी वर्षं बेटावर शिकवत होतो आणि कागदावर काठावर हजर होतो. निवृत्त झालो तेव्हा काठावर मांडव घालून मला शाल दिली आणि कुणीतरी भाषणात म्हणालं, या शाळेची गुरुजींनी इतकी वर्षं सेवा केली. मी उठून म्हटलं, या शाळेत मी तीन रात्री झोपलो, बाकी काही केलं नाही. शाल परत दिली. माझ्यामागं जो मास्तर आला तो काठावरच राहायचा, वारा बघून यायचा, मग वाराही बघेना. आता बेटावर खोली आहे आणि छपराचे पत्रे नाहीत. मधल्या एका दुष्काळात रस्ता पुन्हा वर आला. कुणीतरी त्याच्यावर डांबर टाकायचा प्रस्ताव दिला म्हणून पेपरात वाचलं. पेपर फाडून टाकला.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. नाव भरली. बारकी मधे, पोरी कडेला, मी फळ्यावर हात ठेवून. साहेब जीपला टेकून उभे. भुजंगानं वल्हं टाकलं आणि नाव बाभळीच्या शेंड्यांच्या मधून, रस्त्याच्या बरोबर वरून निघाली. मंगलनं वाकून खाली बघितलं आणि मोठ्यानं, साहेबांना ऐकू जाईल असं विचारलं,

"गुर्जी, खाली रस्ता हाय ना?"

"हाय."

"मग सरकारी रस्त्यानंच चाललो की आपुन."

बेटाला लागलो. आया कमरेइतक्या पाण्यात आल्या होत्या, नाव टेकायच्या आत लेकरं उचलून घेतली. भुजंगानं मंगलला काखोटीला मारलं, एवढी घोडी झाली तरी. मी आणि माझ्या घरचीनं फळा खोलीत नेला, भिंतीला लावला. बाहेर येऊन मी रुळाच्या तुकड्यावर घण हाणला. शाळा भरायची वेळ नव्हती, तरी हाणला, हात भरून येईपर्यंत हाणला. पलीकडं जीप अजून उभी होती. तिला ऐकू जावं म्हणून हाणला.

एकही पोरगं आलं नाही. सगळी आपापल्या आयांच्या कुशीत. खोलीत मी एकटा आणि चार भिंती.

मी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: आज सुट्टी. खाली सही केली. जी शाळा कुठल्या कागदावर नाही तिला सुट्टी देण्याचा हुकूम मला कुणी दिला, हे कुणाला अजून विचारायचं असेल तर या. मी जिवंत आहे.